भुलेश्वर, माझा कॅमेरा आणि वैशालीचा फोन

प्रसादला, माझ्या नवऱ्याला, जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मी इथे ब्लॉगवर काही लिहिलं नाही, कारण कुठे गेलेच नाही. आमच्याकडे वर्ष पाळतात. सण नाही, गोडधोड नाही, सहल तर नाहीच. घरात आता सासूबाई आणि मी. त्या यावर काही बोलत नाहीत, मीही नाही.

शेवटी मैत्रीण वैशालीनेच ठरवलं. "रविवारी भुलेश्वर. सकाळी जाऊ, दुपारी परत." मी हो म्हटलं आणि सासूबाईंना सांगितलं, ऑफिसात ऑडिट आहे. त्यांच्याशी इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. जुना कॅमेरा डब्याच्या पिशवीत तळाशी घातला. फोन असताना हे ओझं कशाला, असं वैशालीने विचारलं. कारण साधं होतं. कॅमेऱ्यातले फोटो मी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावेपर्यंत कुठेही जात नाहीत. फोनवरचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर कधी पोचेल, याचा नेम नाही.

साडेसहाला तिच्या गाडीने पुण्याहून निघालो. गर्दीच्या आधी हडपसर ओलांडलं, तर सोलापूर रस्ता बरा आहे. यवतजवळ उजवीकडे फाटा लागतो, पुढे छोटा घाट. दीड तास धरा. पाणी आणि खाणं घरून न्या. आम्ही पोळी-भाजी नेली होती, त्यामुळे खर्च पेट्रोल आणि चहाचाच.

बाहेरून भुलेश्वरचं देऊळ गढीसारखं दिसतं. आत अंधार, आणि डोळे सरावले की एकेक मूर्ती दिसू लागते. बऱ्याच भंगलेल्या आहेत. फ्लॅश न वापरता फोटो काढले. वैशालीच्या फोनमध्ये सगळं उजळ आलं, पण दगड साबणाने धुतल्यासारखा गुळगुळीत. माझ्या कॅमेऱ्यात छिन्नीच्या खुणा दिसत होत्या. मात्र एका फोटोला मला पाच मिनिटं लागत होती. खांबाला टेकायचं, श्वास धरायचा, तरी हात हलायचा.

शेजारी बसलेले एक गावकरी आजोबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "ताई, त्यो दगडाचा हाय. त्यो न्हाय हालत. तुमीच हालताय."

मला हसू फुटलं. देवळात घुमेल एवढं. वैशालीने तेवढ्यात फोन वर केला आणि खाली घेतला. एवढाच वेळ.

परतताना लोणी काळभोरला चहाला थांबलो. तिथे सासूबाईंचा फोन आला.

"ऑडिट कसं चाललंय?"

"चालू आहे, आई."

"दगडी खांबांचं आहे का?"

चहा माझ्या हातावर सांडला. वैशालीने माझा तो हसतानाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. हॉस्पिटलच्या दिवसांत सासूबाईंनी तिचा नंबर घेतला होता, ते आम्ही दोघीही विसरलो होतो. वैशालीने कपाळाला हात लावला.

"आई, चुकलं. वर्ष व्हायला हवं होतं..."

"खोटं बोललीस, ते चुकलंच. वर्षाचं मला सांगू नकोस. तू पाळतेस म्हणून मी पाळतेय. मागच्या महिन्यात भजनातल्या बायका नारायणपूरला दत्ताच्या दर्शनाला गेल्या. तुला काय वाटेल, म्हणून मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं."

"दुखत नाहीत?"

"एवढे नाहीत." मग म्हणाल्या, "फोटोत दात दिसतायत तुझे. बरं वाटलं."

मी फोन ठेवला. वैशाली स्टेटस काढायला निघाली होती. राहू दे म्हटलं.

मूर्ती बघायला जाणार असाल आणि हाताशी वेळ असेल, तर कॅमेरा जरूर न्या. पण तो एक फोटो माझ्या कॅमेऱ्याने कुणालाच काढता आला नसता. झाकण उघडेपर्यंत हसू ओसरलं असतं. प्रसादची आठवण आम्हा दोघींना पूर्वीइतकीच येते. फक्त त्यासाठी एकमेकींवर पहारा ठेवायचं संपलं.

संध्याकाळी सासूबाईंनी चष्मा लावून कॅमेऱ्यातले सगळे फोटो पाहिले, काही दोनदा. मग विचारलं, "पायऱ्या किती आहेत तिथे?"

"थोड्याच आहेत. वर्ष झालं की हळूहळू जाऊ."

"वर्ष कशाला? रविवारी काय करतेयस?"