मीठ फुटलं, तांब्या नाही

बारावीला केमिस्ट्रीत माझी दांडी उडाली आणि मी घरात जाहीर करून टाकलं: पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरणार नाही, सायन्स गेलं खड्ड्यात! शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. दिंडोशीच्या आमच्या दीड खोलीत सगळे हळू आवाजात बोलत होते, कोणीतरी गेल्यासारखे. मला त्याचाच जास्त राग येत होता.

तेवढ्यात आई मुठीत खडे मीठ आणि मोहऱ्या घेऊन आली. चेडवाक, म्हणजे पोरीला, दृष्ट लागली म्हणे! अगं, अभ्यास डोक्यात शिरला नाही, त्यात शेजारणीची दृष्ट कुठून आली? माझं टाळकंच सटकलं. तिच्या मुठीतला एक खडा घेतला, ओट्यावर ठेवला आणि बाबांच्या हातोडीने हाणला. पार भुगा झाला.

बाबा अंधेरीच्या एका गॅरेजात गाड्यांच्या पत्र्यावर पडलेले पोचे काढतात. त्या दिवशी घरी पूजेच्या तांब्याचा पोचा काढत बसले होते. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी तांब्याच पुढे सरकवला.

"आता ह्येका मार."

मारला. "अगो, पूजेचो तांब्यो!" आई किंचाळली. खोल पोचा पडला, बाकी काही नाही.

"मीठ फुटला, ह्यो फुटाक नाय," बाबा म्हणाले. "कित्याक?"

मी रागातच सुरू झाले. "अहो, मिठात प्लस आणि मायनस चार्जचे कण आलटून पालटून बसलेले असतात. दणका बसला की रांग सरकते, प्लससमोर प्लस येतो, ते एकमेकांना ढकलतात, खडा फुटतो. तांब्यात प्रत्येक अणू आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडून देतो. मग ते कोणा एकाचे राहत नाहीत, सगळ्यांमधून फिरतात आणि सगळ्यांना धरून ठेवतात. रांग सरकली तरी पकड सुटत नाही. नुसता आकार बदलतो."

बोलता बोलता मीच थबकले. हेच मी घोकलं होतं आणि पेपरात अर्धं विसरले होते. आत्ता ते पहिल्यांदा दिसत होतं.

"येवढा येता तुका," बाबा म्हणाले, "मग नापास कशी झालंस?"

मला रडूच फुटलं. पण बरं वाटलं, खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला आणि पुरवणीत केमिस्ट्री सुटली. आता बीएस्सीला आहे. विषय केमिस्ट्रीच, हसू नका.

तांब्यावरचा तो पोचा अजून तसाच आहे. आई दर पूजेला कटकट करते, पण बाबा त्याला हात लावत नाहीत.

"ऱ्हवांदे," म्हणतात. "ह्यो आमच्या चेडवाचो पेपर आसा."