परत घेतलेलं पत्र

काकांच्या वाट्याला अरबी भाषा आली ती केवळ नंबर खाली लागल्यामुळे. परराष्ट्र खात्यात त्या वर्षी वीस जण भरती झाले, काका सतरावे. वरच्यांनी फ्रेंच, जर्मन, जपानी उचलली. प्रशिक्षण अधिकारी म्हणाले, "अरबी घ्या. उजवीकडून डावीकडे लिहायचं, एवढंच." ते एवढंच काकांनी पुढची एकतीस वर्षं केलं. सहा देश, नऊ घरं आणि काकूंच्या हिशेबाने "एकाही खिडकीला पडदा मापाचा नाही."

शिकलेली अरबी पुस्तकातली. पहिल्याच नेमणुकीत भाजीवाला पोट धरून हसला, "साहेब, टोमॅटो मागताय की बातम्या देताय?" मग काका रोज संध्याकाळी एका न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसू लागले. काकू म्हणायच्या, "डोक्यावर उरलंय काय कापायला?" पण लोक कसे बोलतात ते काका तिथे शिकले. त्याहून अवघड म्हणजे गप्प कधी बसायचं, तेही तिथेच.

दूतावासातले करार आणि मंत्र्यांचे दौरे दुसऱ्यांकडे असत. काकांकडे कामगार कक्ष होता. हरवलेले पासपोर्ट, बंद पडलेल्या कंपन्या, इस्पितळात पडून असलेली माणसं. सहाव्या देशात त्यांच्याकडे वेल्डरचं प्रकरण आलं.

वेल्डर आपल्याकडचा, सत्तावीस वर्षांचा. गॅरेजमालकाच्या मुलाशी भांडण झालं, वेल्डरने लोखंडी पाइप हाणला आणि मुलगा जागीच गेला. कोर्टाने फाशी सुनावली. तिथल्या कायद्याप्रमाणे मुलाच्या वडिलांनी माफ केलं तरच ती टळणार होती. वेल्डरचं म्हणणं, मुलाने आधी चाकू काढला. दूतावासाने कोर्टाला तसंच पत्र दिलं होतं. ते काकांनीच लिहिलं होतं, अगदी घोटीव अरबीत. आपल्या माणसाने सांगितलं ते त्यांनी खरं मानलं होतं, पडताळून पाहिलं नव्हतं.

काका दर गुरुवारी गॅरेजवर जाऊ लागले. आतल्या छोट्या खोलीत वडील बसायचे. ते चहा मागवायचे, काका प्यायचे. माफीचा विषय आपण काढायचा नाही, हे काकांनी ठरवलं होतं. पाच गुरुवार गिअरबॉक्स आणि गुडघेदुखीवर गेले. सहाव्या गुरुवारी वडिलांनी ड्रॉवरमधून त्या पत्राची प्रत काढली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"फार सुंदर लिहिलंय. इतकं सुंदर, की शेजारी मला विचारतात, तुमचा मुलगा चाकू कधीपासून बाळगत होता?" त्यांनी कागद काकांसमोर सरकवला. "तुम्ही कशासाठी येता ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आधी एवढं सांगा. चाकू होता का?"

दुसऱ्या दिवशी काका तुरुंगात गेले. काचेपलीकडे वेल्डर फोन कानाला लावून बसला होता.

"चाकू होता का रे?"

"साहेब, तुम्ही माझ्या बाजूचे ना?"

"म्हणूनच विचारतोय."

वेल्डरने फोन दुसऱ्या कानाला धरला. मग म्हणाला, "नव्हता. त्याने आईवरून शिवी दिली आणि वळला. मी मागून मारला."

"हे त्याच्या बापाला सांगू?"

"सांगितलं तर?"

"तर तो माफ करेल किंवा करणार नाही. पण अपिलात मग काही दम उरणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तो माफ करणार नाही. एवढं मी त्याला ओळखतो."

वेल्डरने कपाळ काचेला टेकवलं. "सांगा मग. फक्त माझ्या आईला मी सांगेन."

पत्र परत घ्यायचं म्हटल्यावर राजदूतसाहेब भडकले. "सरकारचं पत्र आहे ते! परत करायला काय दुकानातून आणलेला शर्ट आहे?"

"पत्र खोटं आहे, साहेब."

"असेल. मुख्यालयाला विचारा."

मुख्यालयाचं उत्तर एका ओळीत आलं. लेखी काहीही मान्य करू नये. काकांनी घरी ती ओळ वाचून दाखवली तेव्हा काकू इस्त्री करत होत्या.

"तुमची बढती पुढच्या वर्षी आहे ना?"

"आहे."

"होती म्हणा." त्यांनी शर्ट उचलून दिला. "कोर्टात हा घाला. याची सगळी बटणं जागेवर आहेत."

काकांनी दोन ओळींचं पत्र लिहिलं. दूतावासाचा शिक्का नाही, खाली फक्त स्वतःचं नाव आणि सही. आधीच्या पत्रातली चाकूची गोष्ट खरी नाही, ती मी न पडताळता लिहिली, एवढाच मजकूर. न्यायाधीशांनी तो वाचला. वडील उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा वाचा. मोठ्याने." मागच्या बाकांवर त्यांचे शेजारी बसले होते. कारकुनाने पुन्हा वाचलं. वडील डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "या माणसाचा जीव मला नको. तुरुंगात किती ठेवायचं ते तुम्ही बघा." न्यायाधीशांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

वेल्डरने पुढे आठ वर्षं काढली आणि तो घरी गेला. काकांना दोन महिन्यांत परत बोलावून अभिलेखागारात बसवलं. राजदूत ते कधीच झाले नाहीत. याबद्दल घरात कोणी हळहळलं, तर ते चष्मा पुसत बसत.

निघण्याआधी एका गुरुवारी ते गॅरेजवर निरोप घ्यायला गेले होते. वडील एका गाडीचं बॉनेट उघडून वाकले होते. काकांना बघून ते सरळ झाले, हात फडक्याला पुसले, पण हात पुढे केला नाही.

"मी त्याला माफ केलं," ते म्हणाले. "पत्र त्याने लिहिलं नव्हतं."

काका म्हणाले, "हो." आणि न बसता परत आले.