सुनीताच्या वाटचं बोलणारे

टँकरला उशीर झाला की रांगेत घागरी उभ्या ऱ्हातात अन् बायका बसतात. हाताला काम नसलं की तोंडाला मिळतं. माझ्याकडचे किस्से सगळे त्या रांगेतच साचले. त्या साली पाणी पुरलं न्हाई, किस्से मात्र लई पुरले! हे माझ्या सुनेचे. सांगताना अजून डोकं तापतंय.

सुनीता माझी सून. ती ऊसतोडीवर असताना हिकडं तिची आई वारली. मुकादम म्हणला, "टोळी मोडायची न्हाई." मातीला जाऊ दिलं न्हाई. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला, अन् घरी आली ती मुकीच. "हूं" अन् "न्हाई", दोनच शब्द.

शाळेतल्या बाई म्हणल्या, "आष्टीला एक समुपदेशक मॅडम हायत. बोलून मोकळं करतात."

दूध संस्थेचा चेअरमन हसला. "बोलायची फी? आमी तर फुकट बोलतो!"

"तुमच्या बोलण्यानं आजवर कोण बरं झालंय, चेअरमन?" मी म्हणलं.

पण आष्टीला जायला जीप त्याचीच. काय करता!

*

दुष्काळात संस्थेचं दूध आटलं, भोंगा आटला न्हाई. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली, चेअरमन सगळं भोंग्यावर सांगायचा. मंगळवारी सकाळी भोंगा वाजला: "सुनीताबाईचं डोकं दाखवायला जीप आष्टीला निघाली हाय. कुणाला बाजार करायचा असल, त्यांनी पारापाशी यावं!"

आमाला सोडून अकरा माणसं बसली. एकानं तर इकायची शेळी घेतली!

*

मॅडमनं दार उघडलं. बघती तर अकरा जण चपला काढून आत, मागून शेळी. चेअरमन पुढच्या खुर्चीत.

"आत फक्त सुनीताताई थांबतील."

"मॅडम, माझ्याबिगर गावात ठराव होत न्हाई."

"इथं ठराव होत नाहीत."

शेळी आपण होऊन भाईर गेली. चेअरमनला दोनदा सांगावं लागलं!

मी मात्र हलले न्हाई. सासू हाय मी.

*

मॅडमनं कागद पुढं घेतला. "सुनीताताई, झोप लागते का?"

"लागती की," मी म्हणलं.

"जेवण जातं?"

"अर्धी भाकर."

"रडू येतं का?"

"आमच्या घरात कुणी रडत न्हाई."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "आजी, तुम्हाला झोप लागते का?"

"माझं कावून इचारता?"

"उत्तरं तुम्हीच देताय म्हणून."

असा राग आला! उठले अन् जाऊन शेळीपाशी बसले.

*

पुढं मंगळवारमागून मंगळवार गेले, जीप दर बारीला तशीच भरलेली. गोळी न्हाई, सुई न्हाई, चिठ्ठी न्हाई. घड्याळ लावून पाऊण तास, मग "पुढच्या मंगळवारी या." एकदा दाराला कान लावला. आत आवाजच न्हाई!

मॅडमला गाठलं. "दोघी गप बसता व्हय? गप बसायला आमच्या घरी जागा कमी पडली का?"

"आजी, घरी सगळे 'बोल, बोल' म्हणतात. इथं कुणी म्हणत नाही."

पिशवी उचलली अन् जीपकडं निघाले. घरी गेल्यावर कुणाला सांगितलं न्हाई.

*

चेअरमननं एकदा मॅडमला दारातच धरलं. "काय म्हणली ते सांगा. गावाला कळाया पाहिजे."

"तिचं बोलणं माझ्याजवळच राहतं. तिच्या जिवाला धोका वाटला, तरच घरच्यांना सांगेन."

"कलेक्टरनं इचारलं तर?"

"नाही."

"मंत्र्यानं?"

"नाही. तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही. अन् आजींनाही नाही."

मी आणली अन् मलाच न्हाई? लई भडकले. मग भोंगा आठवला. माझा राग मॅडमवरून उठला अन् चेअरमनवर जाऊन बसला!

*

नव्या हंगामाची माणसं ठरवायला मुकादम दारात आला. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्याची माणसं मोजायची रीत.

"डोकं झालं का नीट? माझा एक कोयता मोडतोय."

माझ्या अंगाची लाही झाली. "तिची आई मातीत गेली, तवा माणूस दिसला न्हाई तुला. आता कोयता दिसतोय व्हय रे?"

"म्हातारे, तू गप. तिला इचार, येती का न्हाई."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात चुलीपासून सुनीता म्हणली, "न्हाई."

शब्द तोच तिचा जुना. पण मुकादम चपला हातात घेऊनच गेला!

*

त्याच्या पुढचा मंगळवार. पाऊण तास झाला. चेअरमननं जीप चालू केली, हॉर्नवर हॉर्न. दार अर्धं उघडलं. सुनीता. डोळे सुजलेले, पदर ओला.

"आत्या," ती हळूच म्हणली, "तुमी व्हा पुढं. मॅडमचा पुढचा तास रिकामा हाय. मला अजून बोलायचं हाय. आईचं आत्ता कुठं सुरू झालंय."

दार लागलं.

चेअरमन जीपमधून वाकून ओरडला, "काय म्हणली? आजी, काय म्हणली?"

अकराच्या अकरा माना माझ्याकडं वळल्या.

"वय झालं, चेअरमन," मी म्हणलं. "ऐकूच येत न्हाई."