दुसरं कार्ड

जळोचीतला आमचा टीव्ही दुरुस्तीवाला घरात आला की आधी टीव्हीमागच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला पोराचा ताप बघावा तसा उलटा हात लावतो. माझ्या वारलेल्या आईचे व्हिडिओ टीव्हीवर दिसावेत म्हणून त्यानंच तो जोडून दिलाय. "वहिनी, भिंतीवरचं बटण थेट दाबू नका. आदी पडद्यावरनं बंद करा, न्हायतर व्हिडिओ ठेवल्यालं आतलं कार्ड जाईल," हे दरवेळी सांगतो.

काल लाईट कमी-जास्त व्हायला लागली आणि टीव्ही जळू नये म्हणून सवयीनं मी बटण दाबलंच. नंतर पडदा काळाच राहिला. आईचा आवाज माझ्याकडं दुसरीकडं कुठंच नव्हता.

तो आला, हात लावला. मग पाकिटातनं आधीच नक्कल करून ठेवलेलं दुसरं कार्ड काढून आत बसवलं. "तुमी दाबणार, म्हाईत हुतं."

टीव्हीवर आई बोलायला लागली.

चपला घालताना म्हणाला, "आता तिसरं न्हाय, वहिनी."