डीपी बदला

आमच्या गावात डीपी जळते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्या मोबाइलकडे बघतो. अहो, तुमच्या व्हॉट्सअॅपचा गोल फोटो नव्हे. वर्ध्याला प्लॉट विकणारे फलकावर 'डीपी रोडलगत' असं ठळक छापतात, तीही नव्हे. ती नगरपालिकेच्या आराखड्यातली. आमची डीपी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन खांबांच्या मध्ये बसते आणि सगळ्या शिवारातल्या पंपांना वीज देते. बाकीच्या डीप्या नंतर जन्मल्या.

हरभरा फुलावर आला आणि ती जळाली. विहिरीत पाणी, पण ओलीत बंद. वीज कार्यालयातल्या साहेबांचं एकच पालुपद: "पाठवून राह्यलो ना!"

मी पत्रक लिहिलं. कॉलेजापासून आमच्या गटाची पत्रकं मीच लिहिते. वाक्य आखूड, मागणी सगळ्यात वर, विनंती कुठेच नाही. मथळा दिला: 'डीपी बदला!' खाली: 'आजच बदला. उद्याची सबब चालणार नाही.' कोणी बदलायची ते लिहिलं नाही. लिहायची गरज काय? साहेबांशिवाय दुसरं कोण बदलणार?

भाषणं करतो माझा मावसभाऊ. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा, म्हणून त्याला दादा म्हणायचं. माझी वाक्यं पाठ करतो, माझ्याच समोर म्हणतो, आणि टाळ्या त्याला. पत्रक निघालं त्या दिवशी तो जळक्या डीपीसमोर मूठ वर करून उभा राहिला. "काढ बरं फोटो," मला म्हणाला. मी काढला. उन्हात डोळे बारीक करून, त्याची हनुवटी चांगली दिसेल असा काढला. मूर्खपणा माझाच. त्याने पत्रक आणि फोटो जोडीने गावाच्या ग्रुपवर टाकले.

संध्याकाळी शेजारचे काका दारातूनच ओरडले, "बदलली वं बाई मी! नातीनं करून देल्ली."

"काय बदललं, काका?"

"डीपी! तूच तं लिहिलं, आजच बदला म्हणून."

त्यांनी मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. बैलजोडीचा फोटो गेला होता. तिथे दादा, मूठ वर. मी ग्रुप उघडला. किराणावाला दादा, सरपंचबाई दादा, विहारातले सगळे दादा. माझं एकही पत्रक गावाने इतकं मनापासून पाळलं नव्हतं, आणि पाळलं ते असं.

तेवढ्यात वावरातून मायचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर लिहिलेलं 'माय' आणि वर त्याचं तोंड. त्या जागी आधी माझा फोटो होता, हो. पदवी घेतानाचा, गळ्यात उपरणं घातलेला. माय तो बसमध्ये अनोळखी बायांनाही दाखवायची.

"माय, माहा फोटो काऊन काढला वं?"

"डीपी बदला म्हनलं ना तू."

"अवो, ती शेतातली डीपी!"

"मंग याच्या फोटोत शेतातलीच हाय ना. पाह्य, मांगं. तुह्या फोटोत कुठी हाय डीपी?"

मी फोन ठेवला. स्वतःला म्हटलं, संताप फोटोचा नाही, अर्थाचा अनर्थ झाला त्याचा आहे. थापा. संताप फोटोचाच होता.

बरं, पत्रक फसलं असतं तरी मी सुखी झाले असते. ते फसलंही नाही. रोजच्यासारखे लोक साहेबांना मेसेज करत राहिले. काही दिवसांनी नवी डीपी घेऊन ट्रक आला. सोबतचा लाइनमन खांबावर चढता चढता हसत होता.

"तो मूठवाला कोन हाय तुमच्या गावातला? साहेब म्हने, हा एकटाच मानूस इतक्या नंबरांवरून काऊन बोलून राह्यला? मोबाइल उघडला का याचंच तोंड! म्हने, याच्या गावाची डीपी पहिले देऊन टाका बाबा."

दादा शर्टाची कॉलर नीट करत पुढे झाला. लोकांनी नारळ त्याच्याच हातून फोडून घेतला. "लेखनही बरं होतं हो," तो माझ्याकडे बघून म्हणाला. बरं!

पंप सुरू झाले. हरभऱ्यात पाणी शिरताना बघत माय धुऱ्यावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आता झालं ना काम. माहा फोटो लाव पुन्हा."

मायने पाण्यावरची नजर काढली नाही.

"चालू डीपी कोनी बदलते का वं, बाई?"

आजही मायचा फोन आला की तोच उगवतो, मूठ वर करून. मी उचलते. मायचा असतो ना.