हो म्हणण्याआधी मोजणारी

कोणी काही मागितलं की ती आधी उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवायची आणि विचारायची, "किती? अंदाजे नको, नक्की किती?" समोरचा सर्व्हरवर जागा मागत असो की चहात साखर, प्रश्न तोच. मी आमच्या लॅबचा हिशेब सांभाळतो. आकडे विचारायचं काम माझं. मला उलट आकडे विचारणारी पहिली व्यक्ती म्हणजे ही.

आमची लॅब कल्याणची. टिटवाळ्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने येतात, खाली यंत्रं तपासणी करतात आणि वरच्या मजल्यावरच्या एका सर्व्हरवरून त्यांचे आकडे डॉक्टरांच्या स्क्रीनवर जातात. त्या सर्व्हरची ती ॲडमिन. घर कोलशेतच्या कोळीवाड्यात, वडिलांची खाडीत होडी. माझ्याहून जेमतेम सात वर्षांनी लहान, तरी मला काका म्हणायची. एकदा मी हरकत घेतली.

"बरं, नाही म्हणत," ती म्हणाली. "पण खिशाला दोन पेनं लावणाऱ्याला दुसरं काय म्हणू?"

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सगळं सुरळीत चाललेलं असलं की हे दिवसभर करतं तरी काय, असं आपल्याला वाटतं. आम्हालाही वाटायचं. मग एका सोमवारी, ऐन सकाळच्या गर्दीत, सर्व्हरवरचा डेटाबेस चालता चालता बंद पडला. डायलिसिसच्या पेशंटचे पोटॅशियमचे आकडे यंत्रांतून निघाले होते, पण दवाखान्यांत पोचत नव्हते. ते पाहिल्याशिवाय तिथले डॉक्टर डायलिसिस सुरू करीनात. फोनवर फोन. तिने डेटाबेस पुन्हा उभा करेपर्यंत आम्ही एकेक आकडा फोनवर वाचून दाखवत होतो.

दुपारी मी विचारलं, "बिघडलं काय होतं?"

"बिघडलं काहीच नव्हतं. कर्नलने मारला डेटाबेस."

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची ते तो ठरवतो, एवढं मला तिच्यामुळेच कळलं. पुढचं तिने असं समजावलं: "प्रोग्राम लागते त्यापेक्षा जास्त मागून ठेवतात, काका. कर्नलला ते ठाऊक असतं, म्हणून तो सगळ्यांना हो म्हणत सुटतो. जेवण तीनशेचं, आमंत्रण पाचशेला. सगळे थोडेच येतात?"

"बरोबरच आहे की."

"तुमच्या घाटावर असेल बरोबर. आमच्या कोळीवाड्यात हळदीला सगळे येतात."

"मग?"

"मग हा यजमान ज्याचं ताट सगळ्यात मोठं, त्याला भरल्या पंगतीतून उठवून बाहेर काढतो. आपल्याकडे सगळ्यात मोठं ताट कोणाचं? डेटाबेसचं."

कर्नलची ही सवय मोडता येते, असं ती म्हणाली. आहे तेवढ्याचंच आमंत्रण द्यायचं. मर्यादा गाठली की पुढच्याला दारातच नाही म्हणायचं, आत बसलेल्याला उठवायचं नाही. त्याच संध्याकाळी तिने ती मर्यादा घातली.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोळंबा. डेटाबेस चालू, पण स्क्रीनवर रिपोर्टच्या खिडक्या उघडेनात. जो तो प्रोग्राम सांगतोय, मेमरी नाही. तिने पाहिलं तर मेमरी बरीचशी रिकामी पडलेली.

लॅबचे मालक, आम्ही ज्यांना डॉक्टर म्हणतो, त्यांनी सगळ्यांना बोलावलं. अशा बैठका मी पुष्कळ पाहिल्यात. वीज, नेटवर्क, सॉफ्टवेअर कंपनी, यांपैकी कोणावर तरी ढकललं की चहा येतो. ती उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. मर्यादेचे दोन आकडे असतात, मी एकच बदलला. जास्तीची आमंत्रणं बंद केली, पण असलेल्या मेमरीपैकी किती वाटायची तो दुसरा आकडा पन्नास टक्क्यांवर तसाच राहिला. आता ऐंशी केलाय. खिडक्या उघडतायत."

मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला. हिशेबातली चूक इतक्या स्वच्छ शब्दांत सांगणारं माणूस मला आमच्या खात्यातही भेटलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "अगं, पण ती मर्यादा काढूनच टाक ना. कंपनीवाला सांगतो, सगळीकडे मोकळंच ठेवतात."

"ठेवतात, सर. आपल्याकडेही मोकळंच होतं, सोमवारपर्यंत."

"शनिवारी मोहने गावचं आरोग्य शिबिर आहे. नेहमीचे नमुने, वर हजारभर शिबिराचे. त्या दिवशी मला कोणाचं 'नाही' ऐकायचं नाहीये."

"कोणाला तरी ऐकावं लागेल. ते डायलिसिसवाल्यांना नको, एवढंच बघतेय मी. शनिवारी डेटाबेस पडला तर मर्यादा काढा, आणि मलाही काढा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही आकड्यांचे माणूस. बोला."

मी बेरीज करून ठेवली होती. सर्व्हरची मेमरी चौसष्ट जीबी, तिचे ऐंशी टक्के म्हणजे एक्कावन्न पूर्णांक दोन. त्यात मेमरी कमी पडलीच तर म्हणून डिस्कवर राखून ठेवलेली आठ. एकूण एकोणसाठ पूर्णांक दोन. डेटाबेस, यंत्रांचे प्रोग्राम, रिपोर्ट पाठवणारा प्रोग्राम, सगळ्यांची जास्तीत जास्त मागणी तिने कापून चोपन्नवर आणायची ठरवली होती.

"बसतंय, सर," मी म्हणालो. "पाच जीबी वर उरतायत. मोकळं सोडलं तर किती उरतात, ते कोणालाच सांगता येणार नाही."

"शनिवार संध्याकाळपर्यंत," डॉक्टर म्हणाले आणि उठले.

मग ती एकेका प्रोग्रामच्या मागे लागली. शेवटी सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून आम्हीही ऐकलं.

"मॅडम, आमच्या प्रोग्रामला सोळा जीबी लागतात."

"लागतात की मागतो?"

"म्हणजे, मॅडम?"

"दोन्हींत फरक आहे, भाऊ. मी महिनाभराचा वापर बघितलाय. पाचाच्या वर कधी गेला नाही. सहा देते."

"मॅडम, आठ तरी..."

"भाजी नाही ही. सहा."

शनिवारी शिबिराचे नमुने खोक्यांनी आले. सगळी यंत्रं एकदम चालू झाली. खाली पाय ठेवायला जागा नाही. मी आपला वर बसून नेहमीच्या सवयीने सर्व्हरवर आठवड्याचा मोठा गोषवारा काढायला घेतला. तो चोपन्नच्या बेरजेत नव्हता, आणि त्याला उरलेल्या पाचापेक्षा जास्त लागत होतं. स्क्रीनवर आलं: मेमरी उपलब्ध नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीत नकाराचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी तसाच खुर्चीत हसत बसलो. डॉक्टर दारातून डोकावले. चेहरा उतरलेला.

"काय झालं? पडला?"

"नाही, सर. मला नाही म्हणाला."

"आणि डेटाबेस?"

"चालू आहे. रिपोर्ट जातायत."

त्यांनी आत येऊन माझ्या स्क्रीनवरची ओळ वाचली. मग म्हणाले, "तिला सांगा, राहू दे ती मर्यादा. आणि तुमचा गोषवारा सोमवारी काढा."

ती पुढे ठाण्याच्या एका मोठ्या डेटा सेंटरात गेली. आम्ही सगळे म्हणालो, जायलाच हवं होतं. तिच्या जागी आलेल्याने सर्व्हरवर बरंच काही बदललं, ते दोन आकडे मात्र नाही बदलले. तिचा विषय निघाला की मला आठवते ती त्या शनिवारचीच.

डॉक्टरांचा तो निरोप द्यायला गेलो तर ती जागेवर नव्हती. सापडली ती खाली, पेशंटच्या बाकावर. एरवी ती खाली फिरकतही नसे. गर्दीत अंग चोरून बसली होती. शेजारी एक मावशी फोनवर मोठमोठ्याने बोलत होत्या: "आला हो आकडा. डॉक्टरांनी बघितला पण. तुम्हाला डायलिसिसला आत घेतायत आता, जा."

मी वाकून सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, राहू दे."

तिने नुसती मान हलवली. मावशींनी फोन ठेवला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचा रिपोर्ट यायचाय का गं अजून, पोरी?"

"नाही मावशी, माझं झालं," ती म्हणाली, पण उठली नाही. काउंटरवर एकेक नाव पुकारलं जात होतं आणि ती प्रत्येक उठणाऱ्याकडे बघत होती.