डावबाईचा भोपळा

शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं एकच बाई राबते आहे. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण मुलं तिला डावबाई म्हणतात. हातात कायम डाव, आणि रांगेत ढकलाढकली झाली की तोच डाव पातेल्यावर ठणकन वाजतो. मारला मात्र कधी कोणाला नाही.

डावबाईचा हातखंडा एकच, भाज्या लपवणं! सकाळी सातला भोपळा, गाजर, पालक, फ्लॉवर सगळं शिजवायचं, घोटायचं, बारीक चाळणीतून दोनदा गाळायचं आणि रश्श्यात असं मिसळायचं की कोणाला थांगपत्ता लागू नये. सालांची बादली दाराआड. "आम्ही भाजी खात नाही!" असं छाती काढून सांगणारी पोरं तोच रस्सा चाटूनपुसून संपवायची, आणि डावबाई तोंड फिरवून हसायची.

यामागे कारण होतं. लहानपणी तिची आई तिचं नाक दाबून तिला भोपळा भरवायची. एकदा तर दुपारचं ताट अंधार पडेपर्यंत तिच्यासमोर ठेवलं होतं. 'संपवल्याशिवाय उठायचं नाही.' रडून रडून पोरीचे डोळे सुजले, पण ताट काही हललं नाही. तेव्हाच तिने ठरवलं होतं, आपल्यासमोर कुठलंही लेकरू ताटावर बसून रडणार नाही. आणि ते तिने पाळलं. भोपळा मात्र पुन्हा तोंडात घातला नाही. रस्सा चाखायचं काम मदतनीस बाईकडे.

दुसरीत एक चिमणी होती. एवढीशी पोर, खाणंही एवढंसंच. रोज वाडगा पुढे करून विचारायची, "डावबाई, यात भाजी नाही ना?"

"नाही गं राणी. आईशप्पथ नाही!"

मग चिमणी निवांत जेवायची. डावबाईचा जीव भांड्यात पडायचा.

एके दिवशी मुलांना तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी जेवणाच्या खोलीत सहज विचारलं, "शाळेत भाजी कोण कोण खातं? हात वर करा." दीडशे पोरं, पण हात एकही नाही! वर एक गुबगुबीत कार्टं उठून म्हणालं, "डावबाई आम्हाला भाजी देतच नाही!" पोराला वाटलं, आपण तिचं कौतुकच केलं.

आता बोला!

मोठ्या बाईंनी डावबाईला बोलावून घेतलं. "रोज टोपल्या भरून भाजी येते. ती जाते कुठे?" डावबाईच्या तोंडचं पाणीच पळालं. तिने सगळं सांगितलं, पण मोठ्या बाईंना काही पटेना. "उद्या मुलांसमोर करून दाखवा. नाहीतर सोमवारपासून मी पाकिटातलं खाणं मागवते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत मोठं टेबल मांडलं. डावबाईने अख्खा भोपळा सगळ्यांसमोर चिरला, शिजवला, घोटला, गाळला. पोरं आधी हबकली, मग खो खो हसली. गुबगुबीत कार्ट्याने "म्हणजे मी भोपळा खातो?" असं ओरडून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मोठ्या बाई खूश. नोकरी वाचली, रस्साही वाचला.

फक्त चिमणीने वाडगा खाली ठेवला. "तू आईशप्पथ म्हणाली होतीस," एवढंच बोलली आणि जाऊन बसली.

डावबाईने तो भरलेला वाडगा उचलून आत नेला.

त्यानंतर चार दिवस चिमणी कोरडा पाव खात होती. डावबाईने लाडीगोडी लावून पाहिली, पावावर लोणी जास्त लावलं, पण चिमणी ढिम्म. वाडगा पुढे करणं बंद, 'यात काय आहे' विचारणंही बंद. पोर विचारायचंच थांबलं, हे डावबाईला फार लागलं. नोकरी गेली असती तरी एवढं लागलं नसतं.

पाचव्या दिवशी तिने भोपळ्याच्या जाड फोडी केल्या, सालासकट उकडल्या, वर नुसतं मीठ घातलं. ताटली घेऊन चिमणीच्या शेजारी, त्या बुटक्या बाकावर, कशीबशी टेकली.

"हा भोपळा. भोपळा आणि मीठ. दुसरं काही नाही."

चिमणीने ताटलीकडे बघितलं, मग डावबाईकडे. "आधी तू खा."

घ्या! डावबाईने इकडे तिकडे पाहिलं. मदतनीस बाई दारात उभी राहून तोंड दाबून हसत होती. डावबाईने डोळे मिटले आणि फोड तोंडात टाकली. तोच मऊ गिळगिळीतपणा, तीच गोडूस चव. घास तिने न चावताच गिळला.

"आवडला?" चिमणीने विचारलं.

'हो' जिभेच्या टोकावर आलं होतं. बावीस वर्षांची सवय ना!

"नाही," डावबाई म्हणाली. "मला लहानपणापासून नाही आवडत."

"मग आम्हाला का देतेस?"

"अंगाला चांगला असतो म्हणून. आणि तुम्ही रडू नये म्हणून लपवत होते. चुकलंच माझं, तुला खरं सांगायला हवं होतं."

चिमणीने ताटली जवळ ओढली. मग सगळ्यात लहान फोड शोधून काढली, चावली आणि तोंड वाकडं केलं. "शी!"

"शीच आहे," डावबाई म्हणाली.

चिमणीला हसू फुटलं. "आता तू एक, मग मी एक."

डावबाईने दुसरी फोड उचलली खरी, पण ती काही तोंडापर्यंत जाईना. समोर ताटली, हातात भोपळा, आणि एवढ्या वर्षांनी डोळ्यांतून घळाघळा पाणी. चिमणी घाबरली. तिने डावबाईच्या हातातून फोड अलगद काढून घेतली.

"रडू नकोस, डावबाई," ती म्हणाली. "नको असेल तर राहू दे. मी संपवते."